थडीच्या वावरातला लिंब

अक्कांना राग आला की त्या ब्रश धुवायला बसायच्या. ब्रश स्वच्छ असला तरी. आधी रॉकेलच्या डब्यात खळाखळा, मग तळहातावर साबण घासून, मग मोरीत नळ सोडून. तोंडातून अवाक्षर नाही. भोकरदनच्या मुलींच्या शाळेत त्या चित्रकला शिकवत, आणि तिथल्या मुलींना हे हवामान बरोबर कळायचं. "बाई ब्रश धुवून राह्यल्या गं," असं एकीने दारातून सांगितलं की अख्खा वर्ग मुकाट्याने वह्या उघडायचा. अक्कांच्या ब्रशाचे केस कधी वर्षभर टिकले नाहीत.

मी स्वतः काही थंड डोक्याचा माणूस नाही. कुंभार पिंपळगावचा मी, जालन्याच्या शाळेत चित्रकला शिकवण्यात नोकरी गेली आणि आमच्या विषयाला रिकामा तास समजणाऱ्या हेडमास्तरांशी भांडण्यात उरलेलं आयुष्य गेलं. त्यामुळे अक्कांशी माझं पहिल्या भेटीतच जमलं. ग्रेड परीक्षेचे पेपर तपासायला आम्ही एका केंद्रावर होतो. माझ्या शेजारचे गृहस्थ एका मुलीचं निसर्गचित्र नापास करत होते, कारण त्यात डोंगर नव्हता. सपाट रान, एक विहीर, विहिरीवर मोटर आणि वर नुसतं आभाळ. निसर्ग कुठे आहे यात, असं ते मला विचारत होते. समोरून अक्का उठल्या. हातात दुसऱ्या मुलांच्या चित्रांचा गठ्ठा. प्रत्येकात तेच ते, दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी आणि नारळाचं झाड.

"सर, तुमचं गाव कोणतं?" त्यांनी विचारलं.

"टेंभुर्णी."

"टेंभुर्णीत नारळ कुठं पाह्यला तुम्ही? हळदीकुंकवात?"

गृहस्थांनी आपला शेरा खोडला. ती मुलगी पास झाली. अक्का मात्र दुपारभर कोणाशी बोलल्या नाहीत. डबा न खाता मागच्या नळावर जाऊन परीक्षेसाठी आणलेले कोरे ब्रश धूत बसल्या. त्या दिवसापासून त्या मला 'मास्तर' म्हणायला लागल्या आणि मी त्यांना अक्का.

त्यांची चित्र काढायची रीत वेगळी होती. कॅनव्हास ताणला की त्या आधी तो सगळाच्या सगळा काळा करायच्या. नुसता काळा नव्हे, त्यात थोडा तांबूस, थोडा निळा, आपली जमीन पावसानंतर दिसते तसा. तो वाळला की त्यावर पीक. बांध, पायवाट, झाड, सगळं त्या काळ्यावर. आभाळसुद्धा. मी एकदा म्हणालो, अक्का, रंग किती जातो, पांढऱ्यावरून सुरुवात केली तर निम्म्यात भागेल. त्या म्हणाल्या, "काळी आधी, पीक मंग. पांढऱ्यावर कोणी पेरतंय का?"

दुसरी रीत नावाची. अक्कांच्या एकाही चित्राला 'निसर्गचित्र' किंवा 'सायंकाळ' असलं नाव नव्हतं. त्यांच्या चित्रांची नावं होती 'पांदीचं', 'आंब्याचं', 'चिंचेखालचं', 'थडीचं'. म्हणजे वावरांची नावं; थडी म्हणजे नदीकाठ. त्यांचं गाव जाफराबादकडचं, नदीच्या अंगाचं. गावाचं नाव मी लिहीत नाही, तिथले लोक अजून माझ्याशी भांडायला तयार आहेत. अक्कांचं घर तिथल्या बौद्धवाड्यातलं. स्वतःचं वीतभर वावर नाही. आईने जन्मभर दुसऱ्यांच्या रानात खुरपलं आणि रोज सकाळी निघताना ती लेकीला सांगून जायची, आज मी आंब्याच्यात आहे, आज मी थडीच्यात आहे, भाकर तिकडे घेऊन ये. गावातल्या झाडून सगळ्या वावरांची नावं अक्कांना अशी पाठ झाली होती. "ज्यांची वावरं त्यांना आपल्या दोनतीन वावरांची नावं ठावं," त्या म्हणायच्या, "मला समद्या शिवाराची हायेत."

मग तलाव आला. कागदावर बरीच वर्षं होताच, एकदाचा खरोखर आला. गाव उठून वर माळावर जायचं ठरलं आणि नदीकाठची सगळी काळी पाण्याखाली जाणार हे पक्कं झालं. अक्का दर रविवारी सकाळच्या एसटीने गावी जायला लागल्या. छत्री, पाण्याची बाटली, रेखाटनाचा गठ्ठा. एकेक वावर काढत सुटल्या. हिवाळ्यात काढलं, खळ्यांच्या दिवसांत काढलं. लोक बांधावर उभे राहून बघायचे आणि आपलं वावर कधी काढणार म्हणून विचारायचे. शेवटी पाणी चढलं. त्यानंतर त्या गावी गेल्या नाहीत. भोकरदनच्या त्यांच्या दोन खोल्यांत मात्र ते शिवार भिंतींना टेकून उभं होतं, आणि मी गेलो की चहाआधी मला बांधाबांधाने फिरवून आणलं जायचं.

आता ज्या गोष्टीपायी मी हे लिहायला बसलो, ती सांगतो. आजही आठवली की माझं डोकं तापतं.

नव्वदीच्या शेवटी शेवटी जालन्यातल्या एका व्यापाऱ्याने आपल्या नव्या इमारतीचा तळमजला चित्रांच्या गॅलरीसाठी दिला. गावात पहिल्यांदाच गॅलरी. आम्ही हरखलो. पहिलं प्रदर्शन मराठवाड्याच्या भूमीवर करायचं ठरलं. संयोजक म्हणून पुण्याहून एक महाशय आले. त्यांनी आपल्याबरोबर शहरातले नावाजलेले चित्रकार आणले, त्यांचं शिबिर भरवलं, आणि ते भरवलं मे महिन्यात. मंडळी विश्रामगृहात उतरली, सकाळी जीपने हिंडली, दुपारी पंख्याखाली झोपली आणि जाताना सगळ्यांनी एकच चित्र काढून ठेवलं. फुटलेली जमीन. कोणाची निळी, कोणाची लाल, एकाने तर खरी माती आणून चिकटवली होती. प्रदर्शनाचं नाव ठरलं 'भेगा'.

"मे महिन्यात कोणाचंबी तोंड पाह्यलं तर वाळेलच दिसंल," अक्का म्हणाल्या. "यायचंच व्हतं तर पौषात याचं. निदान हुरडा तरी खाल्ला असता."

स्थानिक म्हणून आम्हा पाचसात जणांनाही त्यात जागा होती. महाशय अक्कांच्या घरी चित्रं निवडायला गेले तेव्हा मी बरोबर होतो. मोठं चित्र 'थडीचं' होतं. पौषातली शाळू ज्वारी, कणसं नुकती दाण्यावर आलेली, काळसर हिरवी, मधून एक बांध नदीकडे उतरत गेलेला आणि बांधाच्या डाव्या अंगाला एक जुनं कडुलिंबाचं झाड. आमच्याकडे त्याला नुसता लिंब म्हणतात. मी तर म्हणेन, असं चित्र मराठवाड्यात दुसऱ्या कोणी काढलं नाही. महाशय बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "ताई, रंग सुंदर आहेत, पण यात वेदना कुठे आहे?"

"वेदना माझ्या गुडघ्यात हाय," अक्का म्हणाल्या. "चित्रात जवारी हाय."

तरी चित्र घेतलं गेलं, कारण महाशय काही आंधळे नव्हते. मात्र छापील यादीत त्याचं नाव 'शीर्षकहीन' पडलं. अक्का जालन्याला आल्या, त्यांच्यासमोर बसल्या आणि नाव दुरुस्त होईपर्यंत उठल्या नाहीत. यादी पुन्हा छापली. वर एक बातमी कळली. मुंबईच्या एका मोठ्या गॅलरीच्या बाई शेवटच्या दिवशी येणार, आणि त्या निवडतील ती चित्रं मुंबईला लागणार. अक्कांच्या निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. जन्मभर पोरींच्या वह्या तपासल्या, स्वतःचं एक चित्र औरंगाबादच्या पुढे गेलं नव्हतं. त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण प्रदर्शनासाठी नवी साडी घेतली होती. मुंबईला निघायचं झालं तर शाळेतून रजा मिळेल का, हेही त्यांनी मला हळूच विचारलं.

उद्घाटनाला त्यांनी गावाकडच्या लोकांना बोलावलं. ज्यांची वावरं त्यांनी पाहायला नकोत का, हा त्यांचा सरळ सवाल. दोन काळ्यापिवळ्या जीप भरून माणसं आली. नवं गॅलरी प्रकरण, चकचकीत फरशी. देवळात शिरावं तशा सगळ्यांनी वहाणा दाराबाहेर काढल्या. प्रमुख पाहुणे यायच्या वेळी दारात हा वहाणांचा ढीग. महाशयांनी पहारेकऱ्याला बोलावून तो पायाने बाजूला सारायला लावला. सारायला, तेही पायाने! मी पुढे होऊन त्यांना चार शब्द सुनावले, ते इथे छापण्यासारखे नाहीत.

आत मात्र आनंदीआनंद. माणसं भेगांच्या चित्रांवरून झरझर पुढे गेली आणि 'थडीचं'पुढे येऊन थांबली. हे वावर एका आज्याचं. त्याच्या डोळ्यांदेखत दोन लेकांत वाटणी झाली, मधे बांध पडला, पण नाव दोन्हीकडे थडीचंच राहिलं. आता डावीकडचं किसनरावांचं, उजवीकडचं त्यांचे चुलतभाऊ आसाराम यांचं. म्हणजे पाणी चढेपर्यंत होतं. दोघंही आले होते. दोघंही चित्राला नाक लागेल इतके जवळ गेले.

"बाई," आसाराम म्हणाले, "लिंब तिकडं काऊन गेला?"

"मंग कुठं पाह्यजे?" किसनराव म्हणाले. "बराबर हाय की. आमच्याकडंच व्हता."

"बिलकुल न्हाई. बांधावर व्हता. आज्यानं बांधावर लावेल व्हता, दोघांला सावली पडावी म्हणून."

"बाईला काय खोटं काढायचं पडलंय का? पाह्यला तसा काढला."

आवाज चढले. जे झाड पाण्याखाली जाऊन कुजलं होतं, त्याच्यावरून दोन म्हातारे गॅलरीत एकमेकांच्या अंगावर धावायला निघाले. महाशयांनी कपाळाला हात लावला. सगळ्यांनी अक्कांकडे पाहिलं. अक्कांचा चेहरा पांढरा पडला होता. त्या चित्राकडे बघत होत्या.

"न्हाई किसनभाऊ," त्या म्हणाल्या. "आसारामभाऊ बराबर सांगून राह्यले. लिंब बांधावरच व्हता. मधोमध बांध, त्यावर मधोमध झाड, चित्राचे दोन तुकडे पडत व्हते. म्हणून मीच डावीकडं सरकवला."

चित्र काढणाऱ्या कोणालाही विचारा. असं झाड मधोमध ठेवलं तर चित्र मरतं. ते सरकवायचंच असतं. आम्ही पोरांना पहिल्या वर्षी हेच शिकवतो. मी तसं म्हणालोसुद्धा. महाशयही म्हणाले, आणि त्या एका बाबतीत मी त्यांच्या बाजूने होतो, "ताई, कलावंताला तेवढी मुभा असते."

"मुभा तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या," अक्का म्हणाल्या. "झाड पाण्यात गेलं. आता ते फक्त हितंच हाय. हितंबी मी त्याला हलवायचं?"

आणि त्यांनी चित्र खिळ्यावरून काढलं. फीत कापून तासही झाला नव्हता. नव्या साडीत, भल्यामोठ्या कॅनव्हासला कवटाळून त्या बाहेर पडल्या. मी त्यांच्या मागे धावलो, मुंबईच्या बाईंची आठवण दिली, निदान प्रदर्शन संपेपर्यंत थांबा म्हणालो. "टेंभुर्णीच्या त्या सरांना मी काय म्हणलं व्हतं? नारळ कुठं पाह्यला?" त्या म्हणाल्या. जीपवाल्याने चित्र टपावर बांधलं. भिंतीवर रिकामा खिळा आणि खाली नावाची चिठ्ठी राहिली.

शेवटच्या दिवशी त्या परत आल्या. चित्र वर्तमानपत्रात न गुंडाळता, उघडंच, कारण रंग ओला होता. लिंब बांधावर आला होता. डावीकडे जिथे तो आधी होता, तिथे आता ज्वारी उभी होती. आणि मला वाटलं होतं तेच झालं होतं, चित्र मधोमध दोन झालं होतं. मला रडू आलं. म्हणजे रागाने.

मुंबईच्या बाई आल्या. चित्रापुढे थांबल्या. महाशयांनी त्यांच्या कानाशी दोन भावांची वाटणी, तलाव, बुडालेलं गाव, सगळं ओतलं. बाई हरखल्या. हेच हवं, म्हणाल्या. हे चित्र मुंबईच्या प्रदर्शनात अगदी दारासमोर लावू. फक्त नाव बदलू या. 'थडीचं' मुंबईत कोणाला कळणार? 'दुभंग' ठेवू.

"दुभंग कुठं हाय?" अक्कांनी विचारलं.

"हा काय, मधला. ही भेगच आहे ना?"

"बाई, तो बांध हाय," अक्का म्हणाल्या. "बांध म्हंजे भेग न्हाई. त्याच्यावर बसून दोघं भाऊ भाकर खायचे."

बाईंनी समजावलं. महाशयांनी समजावलं. मी तर हात जोडले. अक्कांनी पुन्हा चित्र उचललं. त्यांच्या जागी मुंबईला गेलं ते माती चिकटवलेलं भेगांचं चित्र. तिथे पोचेपर्यंत त्याची निम्मी माती गळाली, असं नंतर कानावर आलं. मला त्याचा जो आनंद झाला, तो मी लपवणार नाही.

बसस्थानकावर मी अक्कांवर मनापासून भडकलो. म्हणालो, नाव काय, एका चिठ्ठीचा प्रश्न! मुंबईत काही लिहू द्यायचं होतं, मागे खडूने 'थडीचं' लिहून ठेवलं असतं. जन्माची संधी घालवलीत तुम्ही.

चित्र खांबाला टेकवून त्या बाकावर बसल्या होत्या. "माझी माय तिथं खुरपायला जायची, मास्तर," त्या म्हणाल्या. "'आज मी दुभंगात हाय, भाकर तिकडं आण,' असं म्हणायची का ती?"

भोकरदनची गाडी लागली. कंडक्टर चित्र आत घेईना, तर त्याच्याशीही भांडल्या आणि शेवटी आडवं करून, दोन बाकांमध्ये धरून घेऊन गेल्या. त्यानंतर त्यांनी कुठल्याच प्रदर्शनाला चित्र दिलं नाही. निवृत्तीनंतर 'थडीचं' त्यांनी माळावरच्या नव्या गावच्या शाळेला देऊन टाकलं. काही वर्षांनी भोकरदनहून फोन आला, अक्का गेल्या. शेवटचे महिने दवाखान्यात होत्या. मी भेटायला गेलो होतो तेव्हा नर्सने लावलेल्या कॅलेंडरवरच्या बर्फाच्या डोंगरावर चिडून त्यांनी ते भिंतीकडे तोंड करून टांगायला लावलं होतं.

त्या गेल्यावर वर्षभराने मला त्या गावच्या शाळेतून निरोप आला. चित्र खराब झालंय, येऊन नीट करून द्या. मी गेलो. माळावरचं गाव, सरळ रेषेत घरं, झाडं अजून माणसाच्या कमरेएवढी. वर्गात चित्र टांगलेलं. जवळ गेलो आणि पाहिलं, की बांधाच्या डावीकडे, ज्वारीच्या मधोमध, रंग खरवडलेला आहे. नखाने, हळूहळू, पुष्कळ दिवस खरवडलेला. खालून तपकिरी बुंधा दिसत होता. अक्कांनी झाकलेलं जुनं झाड.

कोणी केलं हे विचारावं लागलं नाही. किसनराव वर्गाच्या दारातच उभे होते, काठीवर हात ठेवून. आसारामही आले होते, वर्गाच्या दुसऱ्या टोकाला.

"सर, खाली लिंब हाय," किसनराव म्हणाले. "आमच्याकडं हाय. बाईनंच काढेल हाय. तुम्ही डोळ्यांनं पाहा."

माझा तोल गेला. इतक्या वर्षांचा राग एकदम तोंडात आला. मी ओरडलो, "ह्या एका झाडापायी त्या बाईची मुंबई गेली! कळतं का तुम्हाला? तुमच्या भांडणापायी गेली! आणि तुम्ही नखं लावता त्याला?"

पोरं घाबरून भिंतीला चिकटली. किसनराव रागावले नाहीत. त्यांनी चित्राकडे पाहिलं.

"बाईची मुंबई गेली, सर," ते म्हणाले. "आमचं तर गाव गेलं. म्हणलं, एक झाड तरी आपल्याकडं ऱ्हावं."

माझा राग तर जाईना. कोणावर काढायचा तेवढं कळेना. पेटी उघडली आणि खरवडलेल्या जागी रंग लावायला घेतला. हिरव्या रंगाची नळी हातात घेतली होती, ती ठेवून दिली. काळा घेतला, त्यात थोडा तांबूस, थोडा निळा मिसळला आणि तो बुंधा पुरता झाकून टाकला. किसनराव बघत राहिले. मला अडवलं नाही.

मग मी शाळेच्या हापशावर जाऊन ब्रश धुवायला बसलो. एक पोरगं हापसत होतं. रंग केव्हाच निघून गेला, पाणी स्वच्छ वाहायला लागलं, पोराचे हात दुखायला लागले, तरी मी धूतच होतो. आसाराम मागे येऊन उभे राहिले.

"झालं का, सर?" त्यांनी विचारलं. "तिथं नुसतंच काळं दिसून राह्यलं."

"आज काळी लावली," मी म्हणालो. "वाळली की पेरायला येतो."